हात सोडायचा नाही

वडी कापावी तसा मी बर्फाचा चौकोन कापला होता आणि आप्पा माझ्या डोक्याशी उभे राहून म्हणत होते, “कुंदा, पुरे झाला खेळ. ऊन यायच्या आत निघायचंय.”

“खेळ?” मी म्हटलं. “या, बसा जरा खाली. दाखवते तुम्हाला खेळ.”

ते बसले नाहीत. आप्पा कोंढाळकर कुणी बस म्हटल्यावर बसणारे नव्हतेच. माझे थोरले दीर, आमच्या भोरच्या कातळवाट मंडळाचे संस्थापक, सह्याद्रीतली कुठलीही वाट डोळे मिटून उतरणारा माणूस. त्यांच्या मागे बबन ढमाले आणि शकू गुजर पाठीवर सॅक चढवून उभे होते. आणि समोर घळ होती. पांढरी, रुंद, वरपासून खालपर्यंत एक झाड नाही की एक दगड नाही. पलीकडच्या काठाला खडक, आणि त्या खडकापासून खाली गावाकडे उतरणारी सोपी वाट. मधे फक्त ही घळ.

हिमाचलात खिंडीला जोत म्हणतात. जोत ओलांडून आम्ही पलीकडच्या खोऱ्यात गेलो, परत फिरायच्या दिवशी वादळानं गाठलं, तंबूत अडकून पडलो आणि रॉकेल संपलं. रॉकेल नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे प्यायला पाणी नाही. आता आभाळ निवळलं होतं, पण पश्चिमेकडून पुन्हा भरून येताना दिसत होतं. नाहीतर दोन दिवस बसले असते मी तिथे, बर्फ आपोआप दबू दिला असता. तशी सोय नव्हती. आज सकाळी ही घळ ओलांडायची, यावर वाद नव्हताच. वाद होता कशी ओलांडायची यावर.

“हे बघा,” मी म्हटलं. “वरचा हा हातभर थर. नवा बर्फ, वाऱ्यानं थापून थापून लादी केलीय त्याची. वाटतो कसा घट्ट, नाही? आता त्याच्या खाली बघा.” मी लादीखाली बोट घातलं आणि हातमोज्यावर थोडे पांढरे गोल दाणे काढले. “काय आहे हे?”

बबन वाकला. “साबुदाणा, वहिनी. भिजत घाला, दुपारी खिचडी करू.”

शकू हसली. आप्पाही हसले. मी नाही हसले.

“वादळ सुरू झालं तेव्हाच्या गारा आहेत या. एकमेकींना धरत नाहीत, नुसत्या घरंगळतात. आणि त्यांच्या खाली जुना बर्फ, उन्हात वितळून पुन्हा गोठलेला, काचेसारखा गुळगुळीत. काचेवर साबुदाणा आणि साबुदाण्यावर लादी. आणि सगळं घाटाच्या उतरणीवर ठेवलेलं. कळतंय का?”

चौकोनाच्या मागे मी फावडं उभं धरलं आणि मुठीवर तळहातानं हलकं मारलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा मारलं तशी ती अख्खी वडी सुळकन सुटली आणि माझ्या मांडीवर येऊन पडली. खालचे दाणे खड्ड्यात घरंगळले.

बबनचं हसू थांबलं. “आयला.”

“कापलेला तुकडा पडणारच,” आप्पा म्हणाले. “डोंगर कुणी कापून ठेवलाय का? चला, साखळी करा. मी पुढे, मग शकू, मग कुंदा, बबन शेवटी. हात सोडायचा नाही.”

हात सोडायचा नाही, हा आमच्या मंडळाचा पहिला नियम. पावसाळ्यात सह्याद्रीच्या आडव्या वाटेवर गवत निसरडं झालेलं असतं, खाली कोकणापर्यंत दरी. तिथे सगळ्यांनी हात धरून, साखळी करून जायचं. एक घसरला तर दोन्ही बाजूचे दोघं त्याला धरतात. नियम चांगला आहे. त्यानं कितीतरी पोरं वाचलीत, मी कशाला नाही म्हणू?

पण तो नियम माझ्या नवऱ्यावरून पडला होता. दिनकर, आप्पांचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी भाद्रपदात, बुधला नावाच्या घाटवाटेवर तो गेला. सगळे वळणापुढे निघून गेले होते, हा पिवळ्या सोनकीच्या फुलांचे फोटो काढायला एकटाच मागे राहिला आणि पाय घसरला, असं आप्पांनी घरी येऊन सांगितलं. पुढे दरवर्षी मंडळात नवी पोरं आली की आप्पा त्यांना पहिल्या दिवशी समोर बसवायचे आणि सांगायचे, माझा भाऊ शिस्त मोडून एकटा राहिला म्हणून गेला, तुम्ही राहू नका. मी पहिल्या ओळीत बसून ते ऐकायचे. लोक माझ्याकडे वळून बघायचे.

काय वाटत असेल मला? सांगते. राग यायचा. आप्पांचा नाही, दिनकरचा. फुलांपायी गेला हा मनुष्य! घरी बायको आहे, म्हातारी आई आहे, आणि हा गवतात फोटो काढत बसलाय. सासूबाई रडायच्या आणि मी दात-ओठ खायचे. त्याचा कॅमेरा मी जिवापाड जपून ठेवीन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी तो दुसऱ्याच महिन्यात देऊन टाकला. भाद्रपदात डोंगर पिवळे झाले की मी मान खाली घालून चालायचे. आणि त्याच रागात उत्तरेकडे जाऊन बर्फातल्या डोंगराचे दोन्ही कोर्स केले. मला कुणी म्हणायला नको होतं की हिनंही शिस्त मोडली.

म्हणून त्या घळीच्या काठावर मी उभी राहिले, मांडीवरचा बर्फ झटकला आणि म्हटलं, “साखळी करायची नाही.”

“काय म्हणालीस?”

“आप्पा, चौघांचं वजन एका ओळीत एका लादीवर पडलं की ती सुटायला निमित्त नको. आणि सुटली तर चौघं एकदम जाणार. मग उकरायला कोण राहणार? खालच्या गावातले पोर्टर? त्यांना कळेपर्यंत आपलं दहावं होईल.”

“येताना गेलो की साखळी करून! काही झालं?”

“आंधळ्याच्या गायी देव राखतो, तसं झालं ते. तेव्हा हा थर नव्हता. आता आहे.” मी फावडं खड्ड्यात आपटलं. “एकेकानं जायचं. एक चालेल, बाकीचे खडकावर उभे राहून बघतील. तो गेलाच तर कुठे दिसेनासा झाला हे बघणारे डोळे पाहिजेत आणि उकरणारे हात पाहिजेत. सॅकचे पट्टे सैल, कमरेचा पट्टा उघडा, म्हणजे सॅक फेकता येईल. कमरेला लाल दोरी बांधून मागे सोडायची. माणूस आत गेला तरी दोरीचा एखादा तुकडा वर राहतो.”

“आपला मोठा दोर लावला तर, कुंदाताई?” शकूनं विचारलं.

“घळीच्या रुंदीला पुरत नाही. आणि एकमेकांना बांधून घेतलं तर ती साखळीच की!”

आप्पांचा चेहरा लाल झाला होता, थंडीनं नाही. “म्हणजे एकट्याला सोडायचं.”

“हो.”

“माझ्या मंडळात एकट्याला सोडत नाहीत. दिनू एकटा होता म्हणून गेला. दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं तर समजलो असतो. तुला सांगावं लागावं?”

बास. माझं डोकं जे फिरलं ते फिरलं.

“दिनकरला मधे आणायचं नाही! सहा वर्षं ऐकतेय. उठलं की दिनू, बसलं की दिनू. तो गवतावरून गेला, आप्पा. गवतावर हात धरा, पाय धरा, गळ्यात गळे घाला, मी काही बोलले का कधी? हा बर्फ आहे. इथे जो शेजारी उभा तोच तुमचं ओझं. तुम्हाला साखळी करायची तर खुशाल करा. बबन, जायचं तर तूही जा. मी इथून हलणार नाही. तुम्ही गाडले गेलात की मी एकटी उकरत बसेन, आणि कुणालाही जिवंत काढू शकणार नाही, आणि मग घरी जाऊन सासूबाईंना सांगेन की तुमचा दुसराही गेला. शिस्त न मोडता गेला!”

दिराशी अशी बोलणारी बाई आमच्या घरात तोवर झाली नव्हती. वाऱ्यानं माझ्या तोंडावर बर्फाचा भुगा आला, तो मी बाहीनं पुसला.

शकू खाली बसली, सॅकमधून लाल दोरीचं भेंडोळं काढलं आणि मुकाट्यानं कमरेला बांधायला लागली. पोस्टात नोकरी करणारी, चणीनं लहान, एरवी मीटिंगमधे तोंडही न उघडणारी बाई. “मी जाते पहिली,” म्हणाली. “माझं वजन सगळ्यांत कमी आहे.”

बबन आप्पांकडे बघायला तयार नव्हता. “आप्पा, तो तुकडा मी डोळ्यांनी बघितला. दोन चापट्यांत गेला.”

“करा काय करायचं ते,” आप्पा म्हणाले. “काही झालं तर पाप तुझ्या माथी, कुंदा.”

“चालेल. माझ्या माथ्यावर पुष्कळ जागा आहे.”

शकू गेली. खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही. पाऊल आपटायचं नाही, अलगद ठेवायचं आणि मधे थांबायचं नाही, एवढं मी सांगितलं होतं. लाल दोरी तिच्यामागून सरपटत गेली. पलीकडच्या खडकावर चढून तिनं हात हलवला.

मग बबन. आता बबन म्हणजे कातळावरचं माकड. जिथे आम्ही दोर लावतो तिथे हा चपला हातात घेऊन चढतो. पण धिप्पाड गडी, आणि बर्फाचा आयुष्यातला पहिलाच महिना. पट्टे सोडले, दोरी बांधली, म्हणाला, “वहिनी, खिचडीचं लक्षात ठेवा,” आणि निघाला.

तो बरोबर मधे पोचला आणि आवाज झाला. धप्प. मोठा नाही. बंद खोलीत गादी पडावी तेवढाच. पण ज्यानं तो आवाज एकदा ऐकलाय तो पुन्हा विसरत नाही. लादी खालच्या थरावर बसली होती. बबनच्या बुटापासून वरच्या अंगाला एक बारीक रेघ पळत गेली आणि थांबली.

बबनही थांबला.

“चल!” मी ओरडले. “थांबू नकोस!”

तो हलेना. दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि लहान पोरासारखा ओरडला, “आप्पा! आप्पा, हात द्या!”

माझ्या शेजारी आप्पांची सॅक धाडकन पडली. मी वळेपर्यंत ते काठावरून एक पाय घळीत टाकून मोकळे. मी त्यांच्या जॅकेटला मागून धरलं आणि दोन्ही पाय खडकाला लावून ओढलं. आम्ही दोघंही मागे पडलो.

“सोड, कुंदा!”

“तुम्ही गेलात तर तो मरेल! दोघांचं वजन नाही पेलणार!”

“हात मागतोय तो!”

“मागू दे!”

ते उठायला लागले. ताकदीचा माणूस, पंचावन्नच्या पुढचा असला तरी त्यांनी मला नुसतं झटकून टाकलं असतं. मी त्यांच्या पाठीवर गुडघा दिला आणि जॅकेटची कॉलर दोन्ही मुठींत पिळली. तेव्हा ते, तोंड बर्फात, ओरडले, “सोड मला! एकदा सोडलाय मी हात. पुन्हा नाही सोडणार!”

“काय?”

“दिनूचा. माझ्या हातात होता त्याचा हात. मी सोडला.”

मला ऐकू आलं. शब्द न् शब्द कळला. आणि मला त्या क्षणी काय वाटलं तेही सांगते. वाटलं, द्यावी कॉलर सोडून. जाऊ दे याला घळीत. जा, पकड जा कुणाचा पकडायचाय त्याचा हात. सहा वर्षं, सहा वर्षं ह्यानं मला पहिल्या ओळीत बसवलं!

पण बबन मधे उभा होता. त्याची आई भोरच्या बाजारात भाजी विकते, निघताना माझ्या हातात लसणाच्या चटणीचा डबा देऊन म्हणाली होती, बघ गं बाई याच्याकडे. मी कॉलर आणखी पिळली. आणि आप्पांच्या डोक्यावरून बबनवर ओरडले. अर्धं बबनवर आणि अर्धं माझ्या गुडघ्याखालच्या माणसावर, खरं म्हणजे.

“बबन्या! बैला! तिथे काय मुहूर्त बघतोयस?”

“वहिनी, मला नाही जमत!”

“नाही कसं जमत? कड्यावर उलटा लटकून बिड्या ओढतोस तेव्हा जमतं आणि इथे सपाट चालायला होत नाही? ती शकू गेली, बोटभर बाई, आणि तू गोणीएवढा माणूस हात मागतोयस? कुणी हात देणार नाही तुला! आप्पा येणार नाहीत, मी येणार नाही, कुत्रं येणार नाही. आलो तर तू मरशील, समजलं? शकूकडे बघ. उचल पाय!”

“वहिनी...”

“उचल म्हणते ना! नाहीतर तुझ्या आईला काय सांगू, बर्फात पुतळा होऊन उभा राहिलाय, येऊन हार घाला म्हणून?”

पलीकडून शकूनं हाक मारली, “बबन, माझ्या पावलात पाऊल ठेव. इकडे बघ, माझ्याकडे.”

त्यानं पाय उचलला. ठेवला. मग दुसरा. मी शिव्या देत राहिले, कारण थांबले असते तर तो थांबला असता. ज्या शिव्या माझ्या माहेरच्या गावात बाया नळावर देतात त्या सगळ्या देऊन झाल्या. शकूनं वाकून त्याची सॅक धरली आणि त्याला खडकावर खेचलं तेव्हा माझा घसा बसला होता.

घळ सुटली नाही. ही गोष्ट मी जिथे जिथे सांगते तिथे लोकांचा इथे विरस होतो. म्हणजे काही झालंच नाही? मग एवढा आरडाओरडा कशाला केला? काही झालं नाही म्हणजे काय हो! एक माणूस अख्खा पलीकडे पोचला, याला काही झालं म्हणत नाहीत वाटतं. चौघांची मढी निघाली असती तर तुम्ही म्हणाला असता, कुंदाताईंचं बरोबर होतं. नको मला असलं बरोबर असणं.

मी आप्पांच्या पाठीवरून उठले. ते उठून बसले. दाढीत बर्फ, डोळ्यांत पाणी.

“बोला,” मी म्हटलं. घशातून नुसती खरखर येत होती. “आता सगळं बोला.”

“सगळे वळणापुढे गेले होते. आम्ही दोघंच मागे. फोटोबिटो काही नाही, कॅमेरा त्याच्या सॅकमधे होता. गवताखालची कड त्याच्या पायाखालून गेली. मी एका हातानं त्याला धरला आणि दुसऱ्या हातानं कारवीचं झुडूप. ते मुळातून यायला लागलं. मला नव्हतं दिसत, पाठ होती माझी तिकडे. त्याला दिसत होतं.”

“मग?”

“मग तो म्हणाला, सोड.”

वारा पडला होता. पलीकडून बबनचा खोकला ऐकू येत होता.

“आणि तुम्ही सोडलात.”

“सोडला. त्यानंही बोटं उघडली होती.” त्यांनी उजवा पंजा मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. “घरी येऊन आईला काय सांगणार होतो? तो सोड म्हणाला म्हणून सोडला, असं? कुणाला खरं वाटलं असतं? सबब वाटली असती. म्हणून म्हटलं, एकटा होता. मी नव्हतोच तिथे.”

“तुम्ही नव्हता. आणि तो फुलं बघत होता. त्यानं शिस्त मोडली.”

“कुंदा...”

“गप्प बस!” दिराला मी आयुष्यात पहिल्यांदा अरे-तुरे केलं आणि मला काहीही वाटलं नाही. “त्यानं ते झुडूप बघितलं. दोघांचं वजन पेलणार नाही हे त्याला कळलं. मरताना त्याचं डोकं ठिकाणावर होतं, आणि तू सगळ्या गावाला सांगत फिरलास की तो बेसावध होता! अरे, मी त्याच्या नावानं बोटं मोडली. त्याच्या श्राद्धाला पान वाढताना मनात म्हणायचे, फुलं खा आता. हे तू करायला लावलंस मला!”

ते मान खाली घालून बसले. मला आणखी बोलायचं होतं. दिवसभर बोलले असते, जिभेवर तयार होतं सगळं. पण घळीच्या वरच्या टोकाला पिवळं ऊन लागलं होतं आणि ते खाली सरकत होतं. उन्हानं लादी जड होते, खालचा थर आणखी सैल होतो. डोंगर काही माझं भांडण संपायची वाट बघणार नव्हता.

“ऊठ,” मी म्हटलं. “पट्टे सोड. शकूच्या पावलांतूनच जायचं, नवी वाट पाडायची नाही. थांबायचं नाही.”

“तू आधी जा. मी मागे...”

“तू पुढे. एकटा. मी बघत उभी आहे. गेलास तर उकरीन, कारण मला अजून पुष्कळ बोलायचंय तुझ्याशी.”

त्यांनी दोरी बांधली. गाठ मी मारली. मग ते निघाले. तीस वर्षं डोंगर चालणारा माणूस, पण पावलं अशी टाकत होता जणू कुणी हात धरलेला नसताना कधी चाललाच नव्हता. रेघेपाशी क्षणभर अडखळले. मी ओरडणार होते, पण घसाच नव्हता. ते आपले आपण पुढे गेले.

मी शेवटी निघाले. धोका टळला होता असं मी म्हणणार नाही. होता तो होताच, फक्त एका वेळी एकाच्या माथ्यावर होता, तेवढंच माझ्या हातात होतं. ऊन वरून येत होतं आणि मी चालत होते आणि तोंडानं सारखी पुटपुटत होते. देवाचं नाव नव्हे. दिनकरशी बोलत होते. म्हणत होते, मेल्या, मला का नाही स्वप्नात येऊन सांगितलंस? एवढं तोंडानं म्हणालास, जरा मोठ्यानं म्हणायचं होतंस. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि पाऊल मात्र एकही चुकलं नाही.

पलीकडच्या खडकाशी आप्पांनी खाली वाकून हात पुढे केला. मी बघितलं त्या हाताकडे. मग बाजूच्या खाचेत बर्फात चालायची कुऱ्हाड अडकवली आणि माझी मी चढले.

बबन आणि शकू समजूतदार निघाले, सॅक उचलून वाटेनं थोडं खाली जाऊन बसले. खडकावर आम्ही दोघंच.

“माफ कर म्हणत नाही मी,” आप्पा म्हणाले. “हात सोडल्याबद्दल तू जे म्हणशील...”

“हात सोडलास ते बरोबर केलंस. नसता सोडलास तर सासूबाईंचे दोन्ही मुलगे गेले असते. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणणार नाही. पण तो शब्द माझा होता, आप्पा. त्याचं शेवटचं बोलणं. तू ते सहा वर्षं स्वतःपाशी ठेवलंस. ते मला माफ करता येणार नाही, आणि मी करणारही नाही.”

त्यांनी मान हलवली. मी त्यांच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ.

“कसं म्हणाला?”

“म्हणजे?”

“कसं म्हणाला? ओरडून म्हणाला, रडून म्हणाला, कसं?”

आप्पांनी डोळे मिटले. “चिडून,” ते म्हणाले. “माझ्यावर चिडल्यासारखा. घरी मी त्याचं वर्तमानपत्र आधी उचललं की म्हणायचा ना, तसं. सोड की, आप्पा.”

तो सूर मला माहीत होता. सहा वर्षांत मी तो विसरून गेले होते, फोटो असतो माणसाचा, आवाज कुठे असतो? आणि आप्पांच्या तोंडून तो आला, तसाच्या तसा, ‘की’वर जोर देऊन, वैतागून.

“पुन्हा म्हण,” मी म्हटलं.

“कुंदा, नको.”

“पुन्हा म्हण!”

“सोड की, आप्पा.”

ऊन घळीवर पूर्ण उतरलं होतं. खालून शकूनं हाक मारली, निघायला हवं म्हणून. मी हात वर करून तिला थांबवलं.

“पुन्हा,” मी म्हटलं.